आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव पडलंय, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ (३ जून)
नमस्कार मंडळी. आई १४ मेला गेली. जिल्ह्याच्या गावी, एका खासगी रुग्णालयात, पहाटे सव्वाचारला. मी पुण्याहून निघाले होते, खंबाटकी उतरत होते तेव्हा फोन आला. तिच्याजवळ तेव्हा माझा मामेभाऊ एकटा. बिल, शववाहिका, डॉक्टरांची सही हे सगळं त्याच्याच अंगावर पडलं. त्यात खिडकीतल्या माणसाने एक छापील फॉर्म पुढे केला. मृताचे नाव? याने लिहिलं, कुसुम.

त्याची ती कुसुमआत्या. दुसरं नाव त्याने उभ्या आयुष्यात ऐकलेलंच नाही. आणि आमच्याकडे? लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'प्रभावती' लिहिलं, तेव्हापासून ती प्रभावती. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, सगळीकडे प्रभावती.

आता बँकेतली मुलगी दाखला उलटसुलट करून म्हणते, "मॅडम, या आमच्या खातेदार नाहीत." मामेभाऊ रोज फोन करून माफी मागतो, ते तर त्याहून जड जातं. हे दुरुस्त होतं का? कुठे जायचं? कोणी म्हणतं गॅझेट करा, कोणी म्हणतं कोर्ट.

चहाटळ
ताई, आईंना श्रद्धांजली. दुरुस्ती होते, घाबरू नका. जाणकार येतीलच, तोवर माझी हजेरी.

सदाशिवपेठी
गॅझेट करून टाका. नावबदलाची जाहिरात शासकीय राजपत्रात आली की प्रश्न मिटला. माझ्या बायकोचं तसंच केलं होतं.

ॲड_तारीख
@सदाशिवपेठी, राजपत्रातला नावबदल जिवंत माणूस स्वतः अर्ज करून घेतो. गेलेल्या माणसाचं नाव कोण बदलणार? आणि इथे नाव बदलायचंच नाही, नोंद चुकली आहे ती सुधारायची आहे. त्यासाठी जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चं कलम १५ आहे. कोर्टात जायची गरज नाही. निबंधकाला स्वतःच तो अधिकार आहे.

सदाशिवपेठी
बरं. माघार.

निवृत्त_ग्रामसेवक
ताई, सत्तावीस वर्षं हेच रजिस्टर सांभाळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दाखला कोणी दिलाय ते बघा. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. राहत्या गावाचा किंवा अंत्यविधीच्या गावाचा त्याच्याशी संबंध नाही. आई शहरातल्या रुग्णालयात गेल्या म्हणजे नोंद तिथल्या नगरपालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारू नका.

दुसरी गोष्ट, रुग्णालयातला मृत्यू कळवायची जबाबदारी कायद्याने रुग्णालयाच्या प्रमुखावर असते, घरच्यांवर नाही. तुमच्या भावाने भरला तो नमुना २, म्हणजे मृत्यू अहवाल. त्याचे दोन भाग असतात, वरचा कायदेशीर आणि खालचा सांख्यिकी. सांख्यिकी भाग फाडून आकडेवारीसाठी वर पाठवतात. कायदेशीर भाग आमच्याकडेच राहतो आणि तो बांधला की त्यालाच मृत्यू नोंदवही म्हणायचं. लोकांना वाटतं आम्ही फॉर्म बघून दुसऱ्या कुठल्या जाड वहीत उतरवून घेतो. तसं नाही. त्या पहाटे खिडकीवर जे लिहिलं गेलं, तेच रजिस्टर. आता सगळं पोर्टलवर टंकतात, पण टंकतात ते त्या कागदावरूनच.

तिसरी, दुरुस्ती दोन प्रकारची. 'प्रभावती'चं 'प्रभवती' झालं असेल तर ती लेखनाची चूक, निबंधक खात्री करून दुरुस्त करतो. अख्खं नावच वेगळं असेल तर ती आशयातली चूक. त्यासाठी नेमकं काय चुकलं आणि खरं काय, हे सांगणारं निवेदन लागतं आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांनी तसं लिहून द्यावं लागतं. मग दुरुस्ती समासात होते. मूळ नोंद खोडत नाहीत, व्हाइटनर तर नाहीच नाही. बाजूला लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची.

कृष्णाकाठ
काका, किती नीट सांगितलंत. नगरपालिकेचाच दाखला आहे, बरोबर. एक विचारते, रुग्णालयात ॲडमिट करताना मी आधार दिलं होतं. केसपेपरवर काय नाव असेल?

निवृत्त_ग्रामसेवक
तिथेच तर तुमची किल्ली आहे! केसपेपर, डिस्चार्ज किंवा डेथ समरी, डॉक्टरांनी भरलेला नमुना ४, यांवर प्रभावती असेल तर रुग्णालयाकडून पत्र घ्या की आमच्या नोंदीनुसार रुग्णाचं नाव हे आहे, अहवालात चुकून ते पडलं. माहिती देणारी संस्था तेच आहेत, त्यामुळे त्यांचं पत्र सगळ्यात वजनदार. सोबत लग्नपत्रिका, आधार, शाळा सोडल्याचा दाखला.

स्टेथोस्कोप
नमुना ४ चा विषय निघालाच आहे तर डॉक्टरांच्या बाजूने थोडं. नमुना ४ म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला आणि डॉक्टरांचे उपचार चालू होते तर ४अ. दोन्हींचे पैसे घ्यायचे नाहीत, कायद्यातच लिहिलंय. २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रुग्णालयाने याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. ताई, तुम्हाला मिळाली नसेल तर मागून घ्या.

आमच्या ज्युनियरांची आवडती चूक म्हणजे कारणाच्या जागी 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळं होणं. अरे, हृदय आणि श्वास थांबला म्हणूनच तो माणूस गेला ना? ते कशाने थांबलं ते लिहा. फॉर्मवर त्यासाठी अ, ब, क अशा ओळी आहेत. वर तात्कालिक कारण, मग ते ज्यामुळे झालं ते, सगळ्यात खाली मूळ आजार. उदाहरणार्थ सेप्टिक शॉक, त्याखाली पायाचं गँगरीन, त्याखाली मधुमेह. आकडेवारीत मोजला जातो तो मधुमेह. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित झालेले होते जेमतेम २२.५ टक्के. बाकी सगळे 'म्हातारपण', 'ताप', 'अचानक'.

मिसेस_पाटणकर
पण दाखल्यावर कारण कुठे असतं? विमा कंपनीने माझ्याकडे 'कारण लिहिलेला मृत्यू दाखला' मागितला. पालिकेत तीन हेलपाटे घातले, ते म्हणे असा देताच येत नाही. मला वाटलं चहापाण्याची वाट बघतायत.

ॲड_तारीख
त्या वेळी पालिकेचंच बरोबर होतं. कलम १७ प्रमाणे कोणालाही मृत्यूचा उतारा देताना कारण उघड करायचं नाही. नोंदीत असतं, दाखल्यावर येत नाही. विमा कंपनीला नमुना ४ ची प्रत किंवा कंपनीचा स्वतःचा फॉर्म उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून द्यायचा.

कोकणचा_राजा
असहमत. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर 'हृदयविकार' स्पष्ट लिहिलेलं आहे, घरात फ्रेमशेजारी लावलाय.

स्टेथोस्कोप
राजे, तो दाखला नसून डॉक्टरांनी स्मशानासाठी दिलेला कागद असेल. वर काय छापलंय बघा.

कोकणचा_राजा
बघितलं. डॉक्टरांचं लेटरहेड निघालं. पंधरा वर्षं आम्ही चुकीचा कागद फ्रेमशेजारी लावलाय.

चहाटळ
आणि खरा दाखला कुठाय?

कोकणचा_राजा
शोधतोय 🙏

एडिसनकर
इकडचा अनुभव सांगतो, कारण आपली बरीच मंडळी आईवडिलांना इकडे आणतात आणि प्रसंग कधी सांगून येत नाही. न्यू जर्सीत सासरे गेले. इथे दाखला तयार करून दाखल करतो तो फ्युनरल डायरेक्टर. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, शिक्षण, व्यवसाय ही माहिती तो घरच्यांकडून घेतो, कारणाचा भाग डॉक्टर भरतो, मग तो सगळं राज्याच्या नोंदणी यंत्रणेत चढवतो. त्याशिवाय अंत्यविधीचा परवाना नाही.

कायदा मात्र राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात डॉक्टरने १५ तासांत आपला भाग पुरा करायचा आणि नोंदणी ८ दिवसांत. टेक्सासमध्ये १० दिवस. न्यूयॉर्क राज्यात ७२ तास. त्यात न्यूयॉर्क शहराची नोंदणी राज्याहून निराळी, म्हणजे शहरातल्या ब्रुकलिनमधल्या मृत्यूचा दाखला मागायला राज्याच्या राजधानीला, आल्बनीला, लिहून उपयोग नाही. देशाचा नमुना फॉर्म आहे, पण सक्ती राज्याच्या कायद्याची.

आमची गंमत ऐका. डायरेक्टर बिचारा विचारत होता, "मदर्स मेडन नेम?" सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव? अहो, मला त्यांचं नावच नीट माहीत नाही, त्यांना सगळे बाय म्हणायचे." अर्धा तास गुहागरला फोनाफोनी. शेवटी एका ब्याण्णव वर्षांच्या आतेसासूने सांगितलं.

टीप: प्रमाणित प्रती एकदमच दहा घ्या, आणि भारतात मालमत्ता असेल तर दोन प्रतींवर राज्याचं अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं प्रमाणन, करून घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर वकिलातीतही नोंदवा.

कृष्णाकाठ
@एडिसनकर, 'बाय' वाचून हसू आलं आणि रडूही. आमच्याकडे तेच झालंय ना.

मांडवी
गोव्यात आमची वेगळीच तऱ्हा. पोर्तुगीज काळातल्या माणसांच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, त्यातली नावंही पोर्तुगीज कानाने ऐकलेली. आमच्या पणजोबांचं 'विठ्ठल' कागदावर ओळखूच येत नाही. इथे वारसा ठरवायला स्पेशल नोटरीपुढे वारसाचा दस्त करतात. त्यातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव एका अक्षराने हललं तरी गाडी अडते. तेव्हा ताई, दाखला पक्का होईपर्यंत पुढचा कुठलाच कागद करू नका.

बांधावरून
थोडं विषयांतर करतो. माझे आजोबा दुष्काळाच्या साली, म्हणजे १९७२ ला गेले. नोंदच नाही. जमीन अजून त्यांच्या नावावर. तलाठी म्हणतो वारस नोंदीला मृत्यूचा दाखला आणा. कुठून आणू?

ॲड_तारीख
उशिराच्या नोंदीला कलम १३. २१ दिवसांत नोंद मोफत. पुढे ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे वर्षापर्यंत लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तुमचा तहसीलदार. त्याआधी ग्रामपंचायतीकडून नमुना १० घ्या. नोंद आढळत नाही असं त्यात लिहून देतात.

निवृत्त_ग्रामसेवक
@बांधावरून, 'नोंद नाही' म्हणण्याआधी कोतवाल बुक बघितलंत का? गाव नमुना १४. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. कुणबी नोंदी शोधताना लोकांनी हीच पुस्तकं धुंडाळली. तहसीलच्या अभिलेख कक्षात असतील. फार जुनं पान असेल तर मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

बांधावरून
अभिलेख कक्षात जाऊन आलो. आमच्या गावाचं त्या सालचं पुस्तक वाळवीने खाल्लंय. अक्षरशः. मधोमध भोक, कडेला फक्त 'ताप' एवढा शब्द शिल्लक.

तारखेचाही घोळ. आजी म्हणायची श्रावण वद्य अष्टमी, गोकुळाष्टमीचा उपास होता. चुलत चुलते म्हणतात पोळ्याच्या आदल्या दिवशी.

सदाशिवपेठी
आता माझी बाजू सावरायची संधी. तिथी माहीत असेल तर त्या सालचं पंचांग काढा, इंग्रजी तारीख मिळते. ग्रंथालयात जुनी पंचांगं असतात. आणि नाशिकला अस्थी नेल्या होत्या का? रामकुंडावर तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील, त्यांच्या वहीत कोण, कधी, कोणासाठी आलं ते असतं.

बांधावरून
साहेब, तुमचे उपकार. गेल्या रविवारी जाऊन आलो. गुरुजींनी वही काढली, बोट फिरवत फिरवत थांबले. माझ्या वडिलांची सही. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. अस्थी घेऊन आल्याची मिती आहे, गोकुळाष्टमीनंतर सहाव्या दिवशीची. म्हणजे आजी बरोबर, चुलते चूक. तहसीलदार नुसत्या वहीवर दाखला देणार नाहीत हे माहीत आहे, पण पोलीस पाटलांचा जबाब आणि हे जोडून प्रकरण दाखल केलंय.

मिसेस_पाटणकर
चुलत्यांना कळवलं का? 😄

बांधावरून
ते म्हणाले वही खोटी आहे.

लालडबा
प्रवासात मृत्यू झाला तर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी एसटीत वाहक होतो. पंढरपूरहून येताना मागच्या सीटवर एक आजोबा झोपले ते झोपलेच. नियम असा की वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे वाहनाच्या प्रमुखाने कळवायचं. आम्ही तालुक्याच्या स्टँडवर गाडी लावली, पोलीस आले, पंचनामा झाला. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "आमच्या गावची नोंद करा हो, हे गाव आम्ही कधी पाहिलंही नाही." पण नोंद तिथलीच झाली. आजही त्या घरातला दाखल्याचा कागद त्या अनोळखी गावाचा आहे.

निळावंती
आणि माणूसच सापडत नसेल तर? माझा दीर २०१५ पासून बेपत्ता आहे. पोलिसांचा 'शोध लागत नाही' असा कागद आहे. त्यावर दाखला मिळेल?

ॲड_तारीख
ताई, त्यावर नाही. सात वर्षं ज्यांना खबर असायला हवी त्यांनाच खबर नसेल तर मृत्यू झाला असं कायदा गृहीत धरतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १११. पण ते गृहीतक दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून घ्यावं लागतं. तो हुकूमनामा हातात आला की नोंद. तुमची सात वर्षं उलटली आहेत, वकील गाठा.

निळावंती
सासूबाई सही करणार नाहीत. त्यांच्या मते तो येणार आहे.

ॲड_तारीख
मग थांबा. कायद्याला घाई नाही.

स्टेथोस्कोप
करोनात मृत्यूच्या कारणाचाही घोळ फार झाला. चाचणी पॉझिटिव्ह, मृत्यू वीस दिवसांनी, कागदावर 'न्यूमोनिया'. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर ५० हजारांची मदत आली आणि चाचणीपासून ३० दिवसांतला मृत्यू करोनाचा धरायचं ठरलं. तेव्हा कागद दुरुस्त करायला आलेल्या बायकांच्या रांगा मी पाहिल्यात. फॉर्म भरणाऱ्याचा हात त्या वेळी किती घाईत होता ते तिथे दिसायचं.

चहाटळ
वातावरण फार गंभीर झालं, म्हणून थोडं. उलटाही प्रकार होतो! उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना महसुली कागदावर १९७५ साली मृत दाखवून जमीन लाटली. स्वतःला जिवंत सिद्ध करायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे 'मृतक' लावलं आणि मृतक संघ काढला. २००३ ला त्यांना इग नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारं गमतीचं पारितोषिकही मिळालं.

आमचे तीर्थरूप पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना म्हणतात, "मेल्यावर एकदाच दाखला लागतो, जिवंत राहायला दरवर्षी."

कोकणचा_राजा
सापडला! खरा दाखला सापडला. गणपतीच्या मखराच्या खोक्यात होता. त्यावर आजोबांचं नाव 'शंकर'च्या जागी 'शकर' आहे.

निवृत्त_ग्रामसेवक
लेखनाची चूक. लगेच होईल. जा.

कृष्णाकाठ (२२ जुलै)
मंडळी, दीड महिन्याने परत आले. आज नवा दाखला हातात पडला. प्रभावती.

रुग्णालयाने पत्र द्यायला तीन आठवडे लावले. केसपेपरवर प्रभावतीच होतं, पण रेकॉर्डवाला सुट्टीवर. पालिकेत दोन माणसांचं लेखी निवेदन मागितलं. एक शेजारच्या जोशीकाकू. दुसरा कोण, तर मामेभाऊ स्वतः. तो म्हणाला, चूक माझी, मीच लिहिणार. माझी आत्या कुसुम आणि या नोंदीतील प्रभावती या एकच, असं त्याने लिहून दिलं. सही करताना पुन्हा विचारत होता, "प्रभावतीत 'व' ला काना आहे ना?"

निबंधकांनी खात्रीसाठी मूळ फॉर्म काढला, तो मीही पाहिला. काकांनी सांगितलं होतं तसंच. निळ्या बॉलपेनने, तिरक्या अक्षरात 'कुसुम', पुढे बाबांचं नाव, आडनाव. शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलेलं. त्यावर काट नाही, खोडाखोड नाही. बाजूच्या समासात लाल शाईने 'प्रभावती', सही, तारीख. आता दोन्ही नावं त्या पानावर आहेत, एक तिच्या भाच्याच्या अक्षरात. साहेब म्हणाले, हे पान कायम राहणार.

बँकेचं उद्या. मामेभाऊ सोबत येणार आहे.

निवृत्त_ग्रामसेवक
छान झालं. फॉर्म भरताना नाव आधारवरून उतरवायचं, तोंडी सांगायचं नाही, एवढं बाकीच्यांनी घरी सांगून ठेवा. आणि ताई, आईंचं आधार बंद करायचं राहिलं असेल, ते ऑनलाइन होतं, करून टाका.

मिसेस_पाटणकर
बँकेत जाताना झेरॉक्स किती नेताय?

कृष्णाकाठ
पाच.

मिसेस_पाटणकर
पंधरा न्या. आणि मूळ दाखला लॅमिनेट करू नका, शिक्का मारायला जागा उरत नाही.